गिरणेचं पाणी, कपाशीचं मॉइश्चर आणि आकड्यामागचं एकक

दर पावसाळ्यात चाळीसगावपासून धरणगावपर्यंत एकच चौकशी चालते: गिरणा धरण किती भरलं? रब्बीला कालव्याची किती आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या) सुटतील, हरभऱ्यावर भागवायचं की गव्हाचं धाडस करायचं, उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येणार की आठवड्याआड, सगळं त्या एका उत्तरावर असतं. आणि उत्तर येतं ते असं. एका ग्रुपवर "१२,२५० दलघफू, ५७ टक्के". दुसऱ्यावर "३४७ दलघमी". तिसरा म्हणतो "सव्वाबारा टीएमसी". चौथा ठासून सांगतो, "५० टक्केच आहे, उगाच अफवा पसरवू नका." (आकडे उदाहरणासाठी घेतलेत, भांडण मात्र दरवर्षीचं आहे.)

चौघंही बरोबर आहेत. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट, दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर आणि टीएमसी म्हणजे हजार दलघफू. एका मीटरमध्ये सुमारे ३.२८ फूट बसतात. पण पाणी लांबीत मोजत नाहीत, घनफळात मोजतात. म्हणून ३.२८ ला ३.२८ ने दोनदा गुणायचं, आणि उत्तर येतं ३५.३. म्हणजे एक घनमीटर पाण्यात पस्तीसहून जास्त घनफूट पाणी मावतं. छापताना किंवा फॉरवर्ड करताना शेवटचं अक्षर 'फू'चं 'मी' झालं, की धरण बसल्या जागी पस्तीसपट मोठं होतं. वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि दोन्ही आकडे तितकेच भारदस्त वाटतात.

राहिला टक्क्यांचा वाद. गिरणा धरणाचा एकूण साठा सुमारे २१,५०० दलघफू. त्यातलं तळाचं सुमारे ३,००० दलघफू पाणी हा मृतसाठा, कालव्याच्या तोंडाच्या खालचा. उरलेला १८,५०० हा उपयुक्त साठा. धरणात १२,२५० दलघफू पाणी असेल, तर एकूण साठ्याशी भागाकार केला की ५७ टक्के येतात. मृतसाठा वजा करून उपयुक्त साठ्याशी भागाकार केला की बरोबर ५०. पाणी तेच, पाटचारीवरच्या शेतकऱ्याच्या कामाचा आकडा मात्र दुसरा. टक्के कशाचे, हे सांगितल्याशिवाय टक्के सांगण्यात अर्थ नाही, आणि नेमकं तेच बातमीत गाळलेलं असतं.

तापीकाठी याच्याच शेजारचा घोळ चालतो. हतनूर धरणाचे ४१ पैकी इतके दरवाजे उघडले, ५० हजार क्युसेक विसर्ग, अशी बातमी आली की लोक विचारतात, "म्हणजे किती पाणी गेलं?" याचं उत्तर त्या आकड्यात नाहीच. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. तो वाहण्याचा वेग सांगतो, साठा नाही. ५० हजार क्युसेकने सहा तास पाणी सोडलं तर साधारण १.०८ टीएमसी जातं, चोवीस तास सोडलं तर ४.३२ टीएमसी. वेळ सांगितली नाही तर दरवाजे मोजून काही हाती लागत नाही.

विज्ञानात मोजमाप सांगायची जी शिस्त आहे, ती एवढ्यासाठीच. आकडा एकटा सोडायचा नाही. त्याच्यासोबत एकक हवं, तो कशाचा आणि कसा मोजला ते हवं, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा तेही हवं. पहिली गोष्ट शाळेत शिकवतात, मार्कही कापतात. बाकीच्या दोन बहुतेकांना कुणी शिकवतच नाही.

मेट्रिक पद्धत आली तीही या एकट्या फिरणाऱ्या आकड्यांच्या त्रासातून. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात गावोगाव वेगळी मापं होती, आणि माप ठरवण्याचा हक्क जमीनदाराकडे असल्याने खंड वसूल करताना कुणाचं माप मोठं व्हायचं ते सांगायला नको. म्हणून ठरलं की माप कुणाच्या मालकीचं नको, पृथ्वीवरूनच घेऊ. उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. देलांब्र आणि मेशँ या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ पासून पुढची सहा-सात वर्षं डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याचं मोजमाप केलं, तेही युद्ध आणि अटकांच्या धामधुमीत. त्यातून निघालेला मीटर ठरवलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड भरला. आज ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर दहा हजार नव्हे, तर सुमारे १०,००२ किलोमीटर येतं, ते म्हणूनच. गंमत ही की या चुकीने काहीच अडलं नाही. सगळ्यांनी तोच आखूड मीटर मान्य केला आणि व्यवहार सुरळीत चालला. मापाच्या बाबतीत निसर्गाशी तंतोतंत जुळण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व सगळ्यांचं एकमत होण्याला आहे.

ते एकमत २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये १७ देशांच्या करारात आलं. भारत या करारात १९५७ साली आला. त्याच सुमारास, १९५६ ला आपल्याकडे प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात आले. शेर, मण, पायली, तोळा मागे पडले. पायली तर मुळात वजन नव्हतीच, ते भांडं होतं. बाजरीची पायली आणि करडईची पायली वजनाला सारखी भरत नाही, आणि भांडं शिगेनं भरलं की काठोकाठ सपाट, यावर वेगळं भांडण.

मीटरची आजची व्याख्या पृथ्वीवरही अवलंबून नाही. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो, तेवढा एक मीटर, हे १९८३ साली ठरलं. किलो मात्र २०१९ पर्यंत पॅरिसजवळच्या तिजोरीतल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका दंडगोलावर अडकलेला होता. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी गेल्या, ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. अडचण अशी झाली की मूळ दंडगोल आणि प्रती यांच्या वजनात शतकभरात मायक्रोग्रॅमांचे फरक पडत गेले, आणि कोण घटलं, कोण वाढलं, ते सांगायला तिसरं काही नव्हतंच. मूळ दंडगोल म्हणजेच किलो, त्यामुळे तो व्याख्येनेच बरोबर! २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवर, बांधला गेला आणि ही कोंडी सुटली.

दिल्लीच्या प्रयोगशाळेपासून तुमच्या गावच्या किराणा दुकानापर्यंत एक साखळी आहे. राष्ट्रीय मानकावरून खालच्या प्रयोगशाळांची मानकं तपासली जातात, त्यावरून निरीक्षकाकडची वजनं, आणि निरीक्षकाच्या वजनांवरून दुकानातला काटा. वैधमापन शास्त्र खात्याचा शिक्का आणि पडताळणीचं प्रमाणपत्र म्हणजे या साखळीची शेवटची कडी. पुढच्या वेळी इलेक्ट्रॉनिक काट्यावरची छोटी पट्टी वाचा. त्यावर कमाल वजन, किमान वजन आणि इंग्रजी लहान लिपीतलं 'ई' असतं. हा ई म्हणजे पडताळणीची पायरी. दुकानातल्या ३० किलोच्या काट्यावर तो ५ ग्रॅम असेल, तर किमान वजन त्याच्या वीसपट, म्हणजे १०० ग्रॅम. त्याच्या खालचं वजन त्या काट्यावर करूच नये. वेलदोडे आणि केशर घ्यायचे असतील तर दुसरा काटा मागा. आणि केळीचा ट्रक ज्या वजनकाट्यावर चढतो तिथे ई किलोंमध्ये असतो, त्यामुळे चार किलोंच्या फरकावरून हमरीतुमरीवर येण्याआधी ती पट्टी पाहिलेली बरी.

कायदा झाला म्हणून जुनी मापं गेली असं मात्र नाही. ती मेट्रिकच्या कपड्यात वावरतात, आणि खरी फसगत तिथे होते.

जमिनीचंच घ्या. आपल्याकडे "दोन एकर वीस गुंठे" हे सर्रास "२.२० एकर" असं लिहितात. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं, तोवर ठीक. पण एकरात ४० गुंठे असतात, त्यामुळे हे खरं अडीच एकर आहे. तोच आकडा एखाद्या पोराने मोबाईलमध्ये टाकला की त्याला तो दशांश अपूर्णांक वाटतो, आणि त्याचं हेक्टर ०.८९ येतं. बरोबर उत्तर १.०१. बारा गुंठे हवेत गेले. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे, तिथे शंभर आरचा हेक्टर असल्याने हा घोळ व्हायला नको, पण होतो. "एक हेक्टर पाच आर" ऐकून कुणी १.५ लिहितो. ते १.०५ हवं. मधल्या एका शून्यावर ४५ आर, म्हणजे एक एकर साडेचार गुंठे जमीन उभी असते. विम्याच्या अर्जात, कर्जाच्या फॉर्मवर, ठिबकच्या अनुदानाला, सगळीकडे हेच क्षेत्र जातं.

आणि गुंठा म्हणजे आर, हे तर आपण धरूनच चालतो. गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर बरोबर १०० चौरस मीटरचा. फरक सव्वा टक्क्याच्या आत. कपाशीच्या वावराला ही सवलत चालते, कारण बांधच तेवढे सरकलेले असतात. पण एका एकरात हा फरक ४७ चौरस मीटरवर जातो. जळगाव किंवा धुळ्याच्या हद्दीलगत प्लॉट पडत असतील तर ही पाचशे चौरस फुटांची जागा झाली. किती अचूक मोजायचं हे मापावर ठरत नाही, त्या मापाचं तुम्ही काय करणार यावर ठरतं.

सराफ बाजारात तोळ्याचं असंच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बोलण्यातला तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या जुन्या हिशेबाने पाच तोळ्यांच्या असतील, तर काट्यावर त्या ५८ ग्रॅम दाखवतील, ५० नाही. आणि कापूस? कपाशीचा भाव क्विंटलने, जिनिंगमधून (सरकी काढून) निघालेल्या रुईचा खंडीने, आणि खंडी ३५६ किलोची. देशाचं उत्पादन सांगताना गाठी मोजतात, भारतीय गाठ १७० किलोची. अमेरिकी कृषी खातं गाठी सांगतं त्या ४८० पौंडांच्या, म्हणजे साधारण २१८ किलोच्या. दोन देशांच्या लाख गाठींची तुलना करून भाव पडणार की चढणार असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ पाहताना हे आठवावं. फरक पाव हिश्शाहून जास्त आहे.

एकक न लिहिलेला आकडा जीवावर कसा बेततो याचं एक उदाहरण विमानवाल्यांकडे आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोईंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं. कॅनडा तेव्हा पौंडांकडून किलोंकडे वळत होता आणि हे विमान किलोवालं होतं. इंधनमापक बंद, म्हणून टाकीतलं इंधन पट्टीने मोजलं: ७,६८२ लिटर. लागणार होतं २२,३०० किलो. लिटरवरून वजन काढायला घनता लागते. कागदावर १.७७ हा आकडा होता, सगळ्यांनी तोच वापरला. पण १.७७ म्हणजे लिटरला १.७७ पौंड. किलोत तो आकडा ०.८ च्या आसपास हवा होता. ७,६८२ ला १.७७ ने गुणून उत्तर आलं १३,५९७. ते होते पौंड, धरले किलो. मग आणखी सुमारे २० हजार लिटर भरायच्या जागी ५ हजारांहूनही कमी भरलं. विमानाची दोन्ही इंजिनं आकाशातच बंद पडली. वैमानिकाला ग्लायडर उडवायचा अनुभव होता म्हणून गिमली गावातल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर ते तरंगत उतरलं आणि कुणाचा जीव गेला नाही. गुणाकारात कुणाचीच चूक नव्हती, आकड्यापुढे एक शब्द लिहिलेला नव्हता, इतकंच.

आपल्याकडचा १.७७ माती परीक्षणाच्या अहवालात असतो. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश किलो प्रति हेक्टर लिहिलेले असतात, सामू (पीएच) आणि क्षारता असतात, सेंद्रिय कर्ब टक्क्यांत असतो. शेतकऱ्याच्या डोक्यात एकर आणि गोण्या असतात. मधली वाट कुणी चालवून दाखवत नाही, म्हणून ती एकदा इथे चालू. समजा शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणून १०० भागिले ०.४६, युरिया लागेल हेक्टरी २१७ किलो. एकर म्हणजे ०.४०५ हेक्टर, त्यामुळे एकरी ८८ किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, पूर्वीसारखी ५० ची नाही. म्हणजे एकरी जेमतेम दोन गोण्या, त्याही एका दमात नाही, हप्त्याहप्त्याने. आता वाचणाऱ्याने 'प्रति हेक्टर'कडे दुर्लक्ष केलं आणि २१७ किलो एकराला धरले, तर जवळपास पाच गोण्या होतात. पीक हिरवंगार दिसतं, मावा-तुडतुडे खूश होतात, आणि फवारणीचा खर्च वाढतो तो निराळा.

स्फुरदाला आणखी एक वळण आहे. खताच्या पोत्यावरचा स्फुरदाचा आकडा शुद्ध फॉस्फरसचा नसतो, तो पी-टू-ओ-फाइव्ह या ऑक्साइडच्या रूपात सांगायची जुनी रीत आहे. डीएपी या खताच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २३ किलो स्फुरद लिहिलेला असतो, प्रत्यक्ष फॉस्फरस त्यात दहाच किलो. दुकानदार फसवत नाही. फक्त अहवाल आणि पोतं दोन्ही एकाच रूपात बोलतायत ना, हे पाहिल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. माझ्या मते माती परीक्षणाच्या अहवालाखाली एक ओळ सक्तीची हवी: "तुमच्या एकराला इतक्या किलोच्या इतक्या गोण्या." प्रयोगशाळेने दशांशापर्यंत सामू मोजावा आणि शेवटचा गुणाकार शेतकऱ्यावर सोडावा, हे मला कळत नाही.

आता भरवशाबद्दल. कापूस खरेदी केंद्रावर रांग लागते तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, मॉइश्चर, म्हणजे कपाशीतला ओलावा. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात आणि १२ च्या वर माल परत. (इथे एक बारीक खोच: ८ वरून १२ म्हणजे ओलावा चार टक्के बिंदूंनी वाढला. "चार टक्क्यांनी वाढला" म्हटलं तर ते चूक, कारण ८ चे १२ होणं ही ५० टक्क्यांची वाढ आहे.) ग्रेडर (मालाची प्रत तपासणारा) गाडीतल्या कपाशीत ओलावा मोजायचं मीटर खुपसतो आणि आकडा येतो १२.३. गाडी बाजूला. शेतकरी म्हणतो, परत बघा. परत खुपसलं, ११.८. मग दोघांपैकी कोण खोटं?

कुणीच नाही. समजा त्याच गाडीत पाच ठिकाणी मीटर लावलं आणि आकडे आले ११.६, १२.३, ११.९, १२.४, ११.८. सरासरी बरोबर १२.०. पण नुसतं "१२.०" लिहिणं अर्धवट आहे. आकडे एकमेकांपासून साधारण ०.३ ने इकडेतिकडे पसरलेत, म्हणून ओलावा १२.० अधिक-उणे ०.३ आहे, पाच ठिकाणी मोजून, असं सांगणं हे पूर्ण सांगणं. यातून कळतं की एकाच जागच्या १२.३ वर गाडी परत लावणं आणि एकाच जागच्या ११.८ वर ती घेणं, दोन्ही नाणं उडवल्यासारखंच आहे. जास्त ठिकाणी मोजलं की सरासरी भरवशाची होत जाते. चार वेळा मोजलं की सरासरीतली डळमळ निम्मी होते, सोळा वेळा मोजलं की पाव.

पण जास्त वेळा मोजणं हा सगळ्यावर इलाज नाही. मीटरच मुळात अर्धा टक्का जास्त दाखवत असेल, तर शंभर वेळा मोजूनही तो शंभर वेळा अर्धा टक्का जास्तच दाखवणार. सरासरी सुरेख येईल आणि चुकीची येईल. पहाटे दव पडल्यावर गाडी भरली आणि मोजणी वरच्या थरातच झाली, तरीही तेच. पहिल्या प्रकारची चूक पसरट असते, आकड्यांत दिसते. दुसरी एकाच बाजूला ओढते आणि आकड्यांत दिसत नाही. ती पकडायला मीटर प्रमाणित नमुन्यावर तपासावं लागतं, म्हणजे वर सांगितलेल्या साखळीकडे परत जावं लागतं. विज्ञानातले वाद निस्तरताना लोक पहिल्या चुकीवर फार बोलतात आणि दुसरीत फसतात.

तापमानात तर हे रोज दिसतं. मे महिन्यात भुसावळ, जळगावचा पारा ४५ च्या पुढे सरकला की कुणी गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकतं, ४९ अंश. हवामान खात्याचं तापमान म्हणजे हवेचं तापमान: उघड्या मैदानात, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, वारा खेळता असताना मोजलेलं. डांबरावर उभ्या गाडीचा सेन्सर डांबराची आणि पत्र्याची गरमीही सांगतो. मोबाईलमधल्या अॅपला तर थर्मामीटरच नसतो, ते गणिती प्रारूपावरून तुमच्या भागाचा अंदाज देतं. तीनही आकडे आपापल्या जागी ठीक, पण उच्चांकाच्या वहीत फक्त पहिला जातो. ऊन कमी लागतं असं नव्हे. शेतात उन्हात काम करणाऱ्या बाईच्या अंगाला पेटीतलं तापमान लागत नाही, तिला त्याहून जास्तच लागतं. प्रश्न आकड्याला काय विचारायचं याचा आहे.

पावसाचा आकडा त्या मानाने साधा. "पानी कितला पडना रे भो?" याचं उत्तर मिलिमीटरमध्ये येतं आणि ते फार सोयीचं आहे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर किती लिटर? कॅल्क्युलेटर म्हणेल २,६३,०४६. ते लिहू नये. ६५ हाच आकडा एका मंडळातल्या एका पर्जन्यमापकाचा, आणि त्या मंडळात अनेक गावं. एका शिवारात बांध फुटतात आणि दुसऱ्या शिवारात धूळ उडत असते. "सुमारे २ लाख ६० हजार लिटर" एवढंच प्रामाणिक. शेवटचे ४६ लिटर कॅल्क्युलेटरने निर्माण केलेत, ढगाने नाही. जेवढे अंक मोजले तेवढेच उत्तरात ठेवायचे, हा नियम शाळेत रटाळ वाटतो. पण फसव्या अहवालाची पहिली खूण बहुतेक वेळा दशांशचिन्हापुढचे नको इतके अंक हीच असते.

हे सगळं एकत्र येतं ते पीक कापणी प्रयोगात. मंडळाचं सरासरी उत्पादन त्यावरून ठरतं, आणि पीक विम्याची भरपाईही त्या सरासरीवर अवलंबून असते. बऱ्याच पिकांना यादृच्छिक पद्धतीने शेत निवडून त्यात १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून तोलतात. ५० चौरस मीटरचं हेक्टर करायचं तर २०० ने गुणायचं. म्हणजे तोलताना झालेली १०० ग्रॅमची चूक हेक्टरी २० किलोंची होते. दोरी दोन्ही बाजूंना फक्त दोन टक्के सैल धरली, १०.२ आणि ५.१ मीटर, तर क्षेत्र ५० च्या जागी ५२ चौरस मीटर होतं आणि उत्पादन चार टक्क्यांनी फुगतं. विमाधारकाला ते महागात पडतं. शिवाय ओलं धान्य तोललं की वाळलेलं, हेही नोंदवावं लागतं, कारण ओलावा उडाल्यावर उत्पादन कागदावर घटतं, शेतात नाही.

तुमच्या शिवारात हा प्रयोग लागला तर हजर राहता येतं, आणि राहावं. सोबत चांगला टेप न्या, कापडी नको, तो ताणला जातो. चारही बाजू मोजून झाल्या, १०, ५, १०, ५ बरोबर भरल्या, तरी तेवढ्यावर थांबू नका. बाजू बरोबर असूनही चौकोन तिरका असू शकतो, आणि तिरका झाला की क्षेत्र ५० पेक्षा कमी भरतं, मग उत्पादन कागदावर कमी दिसतं. म्हणून दोन्ही कर्णांवर टेप धरायचा. चौकोन काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण ११.१८ मीटर भरतात. एक ११.४० आणि दुसरा १०.९५ आला, तर खुंटी उपटून पुन्हा ठोकायला सांगा, कापणी सुरू व्हायच्या आत.